परत मागवलेला रणगाडा

"कागद आहे का?"

हे विचारताना ते उजव्या हाताची तर्जनी टेबलावर दोनदा ठोकत. समोर टेबल नसेल तर स्वतःच्याच डाव्या तळहातावर. मग मान जराशी कलती करून तुमच्या तोंडाकडे बघत राहत. त्या बघण्यात असं काही असे, की खरं बोलणाऱ्यालाही आपण थाप मारतोय की काय अशी शंका यावी. मी जर्मनीत इंगोलश्टाटला राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी मला इमारतीच्या जिन्यात गाठलं. मी नम्रपणे म्हटलं, "नमस्कार काका, मी नाशिकची."

"कागद आहे का?"

मी खरोखरच पर्समध्ये आधार कार्ड शोधायला लागले. तेव्हा ते हसले, आणि मला कळलं की हा विनोद होता. पुढच्या सहा वर्षांत हेही कळलं की तो विनोद नव्हता.

मोटारींच्या कारखान्यात आयुष्यभर क्वालिटीचं काम केलेला माणूस. तरुणपणी भुसावळहून इकडे आले, इथेच संसार केला, इथेच निवृत्त झाले. त्यांच्यातला तपासनीस तेवढा निवृत्त झाला नाही. गावातले आम्ही सगळे मराठी त्यांना काकाच म्हणायचो, स्वतः साठीला टेकलेलेसुद्धा. काकू मी येण्याआधीच वारल्या होत्या. एकुलती मुलगी म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला, नवरा आणि मुलीसह. काका जाऊन आता वर्ष होत आलं, तरी अजूनही मी एखादा फॉर्म भरायला बसले की मागे कुणीतरी उभं राहून रकाने मोजतंय असं वाटतं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. लग्नाच्या पंगतीत बसून जिलबीचे वेढे तपासणारा. आमच्या मंडळाच्या गणपतीत पूजा सांगायला एक सॉफ्टवेअरवाला येतो, टॅबलेटवर बघून सांगतो. काकांनी एकदा संकल्पाच्या मध्येच त्याला थांबवलं.

"ही कुठली आवृत्ती?"

"काका, पीडीएफ आहे."

"हो, हो, पीडीएफ आहे ते दिसतंय. ॲप्रूव्ह कुणी केलीय?"

त्यानंतर त्या बिचाऱ्याने प्राणप्रतिष्ठेचा मंत्र तीनदा अडखळत म्हटला. मूर्तीत प्राण आले की नाही याबद्दल मंडळात आजही दोन मतं आहेत.

माझी आई आली होती तेव्हा तिने हौसेने उकडीचे मोदक करून खाली त्यांच्याकडे नेले. काकांनी एकेक मोदक उचलून कळ्या मोजल्या. "ताई, यात अकरा आहेत, यात तेरा. टॉलरन्स किती धरायचा?" आई म्हणाली, "अहो, आधी खाऊन बघा, मग मोजा." त्यांनी सहा खाल्ले. शेरा काही दिला नाही, पण दुसऱ्या दिवशी रिकामा डबा घासूनपुसून, झाकणाची रबरी रिंग बदलून परत आला.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीला खालपासून वरपर्यंत जाडजूड फाइली होत्या. इथे त्यांना ऑर्डनर म्हणतात आणि जर्मन घरात देवघर नसलं तरी चालतं, ऑर्डनर लागतातच. प्रत्येकाच्या कण्यावर काकांच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी: 'दात'. 'छप्पर'. 'मुलगी – शाळा'. 'मुलगी – लग्न'. सगळ्यात जाड होता तो 'बायको – हॉस्पिटल'. त्याला मी कधी हात लावला नाही.

तर अशा या माणसाकडे एकच गोष्ट होती, जिला कागद नव्हता. आणि तीच ते सगळ्यात जास्त वेळा सांगत.

काकांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते, ब्रिटिशांच्या रणगाडा रेजिमेंटमध्ये. एका नदीवरचा पूल जर्मनांनी अर्धा उडवला होता. रणगाड्याचा गोरा ड्रायव्हर जखमी झाला, साहेब म्हणाला मागे फिरा, आणि भुसावळच्या या गड्याने "हर हर महादेव" म्हणत रणगाडा पलीकडे नेला. साहेबाने पाठ थोपटली. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या पुलाच्या दोन कमानी शिल्लक होत्या. दुसऱ्या वर्षी एकच उरली. मंडळाच्या पंधरा ऑगस्टला ही गोष्ट झेंडावंदनानंतर आणि बटाटेवड्याआधी ठरलेली असे. स्मरणिकेत ती दोनदा छापून आली, एकदा रणगाड्याच्या चित्रासह. चित्रातला रणगाडा फारच आधुनिक होता, पण तेही काकांनी खपवून घेतलं. यावरूनच आम्हाला संशय यायला हवा होता.

आम्ही कुणीही कधी विचारलं नाही की कागद आहे का. थोडी भीड, थोडी भीती. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तो पूल हवा होता. दिवसभर जर्मन साहेबासमोर एक्सेलचे तक्ते दाखवून घरी आलेल्या माणसाला कुणाचा तरी पराक्रम लागतो. स्वतःचा नसला तर शेजाऱ्याच्या वडिलांचा चालतो.

विचारलं ते मीराने. मीरा त्यांची नात, सोळा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तिचं बोलणं मी इथे मराठीत देतेय. रविवारी ती आगगाडीने आजोबांकडे यायची आणि चहाला मलाही खाली बोलावणं यायचं. शाळेत त्यांना प्रकल्प दिला होता: माझं घराणं आणि युद्ध. पणजोबा-खापरपणजोबांनी युद्धात काय केलं ते शोधायचं, तक्ता करून शाळेच्या हॉलमध्ये लावायचा, घरच्यांना बोलवायचं. वर्गात एकटीचेच पणजोबा पलीकडच्या बाजूने लढलेले, त्यामुळे मीराचा भाव वधारला होता. तिने फोन रेकॉर्डिंगला लावून आजोबांपुढे ठेवला. काका रंगात आले. पूल, महादेव, साहेब, सगळं झालं. मीराने फोन बंद केला आणि तर्जनी टेबलावर दोनदा ठोकली.

"छान, आजोबा. नाखवाइस आहे का?"

नाखवाइस म्हणजे पुरावा. कागद. मी चहाचा कप तोंडाला लावून ठेवला, कारण हसू दाबायला दुसरं काही जवळ नव्हतं.

"अगं, वडिलांची गोष्ट आहे ती," काका म्हणाले.

"बाईंनी सांगितलंय, नुसती गोष्ट चालणार नाही. कागद हवा."

त्या क्षणी काकांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी अभिमान समजले. आता वाटतं, ती धास्ती होती.

दुसऱ्याच दिवशी भिंतीवर नवा ऑर्डनर उभा राहिला: 'वडील'. इंग्रजी पत्रं लिहायला माझी नेमणूक झाली, म्हणजे ते सांगणार, मी टाइप करणार आणि स्वल्पविराम ते तपासणार. लंडनच्या एका कार्यालयाने कळवलं की हिंदी सैनिकांचे कागद आमच्याकडे नाहीत. दिल्लीच्या एका कार्यालयाने कळवलं की ब्रिटिश रेजिमेंट हा आमचा विषय नाही. काकांचे वडील होते हिंदी फौजेचे, पण जोडून दिलेले ब्रिटिश रणगाड्यांना. म्हणजे दोन टेबलांच्या मधल्या फटीत पडलेले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले. "दोष नेहमी फटीतच सापडतो."

वडिलांच्या युद्धातलं म्हणून घरात एकच वस्तू होती, ॲल्युमिनिअमचा जेवणाचा डबा. काकांच्या आईने आयुष्यभर त्यात मोहरी ठेवली होती. त्याच्या बुडाला खिळ्याने खरवडलेला फौजेतला नंबर होता. त्या नंबरावरून इंग्लंडमधल्या एका गावच्या चिमुकल्या सैनिकी संग्रहालयात, आठवड्यातून दोन दिवस हौसेने येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना रणगाडे दुरुस्तीच्या वर्कशॉपचं जुनं रजिस्टर सापडलं. त्यातलं एक पान त्यांनी स्कॅन करून पाठवलं. शनिवारी सकाळी मी ते छापून खाली घेऊन गेले. शाळेचा कार्यक्रम त्यानंतरच्या शुक्रवारी होता.

काकांनी चष्मा पुसला, पान वाचलं. पुन्हा चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे सरकवलं.

नंबर तोच होता, नाव तेच. हुद्दा: फिटर, वर्कशॉप. आरोप: रणगाड्याचं काम तातडीचं असताना, आपल्या धर्मात आज हत्यारांची पूजा असते, पूजा झालेल्या हत्यारांना उद्यापर्यंत हात लावता येत नाही, असं सांगून पाने-हातोडे उचलायला नकार दिला. साहेबांनी समजावलं, तरी नकार कायम. शिक्षा: लान्स नाईकची फीत काढून घेतली, सात दिवस जादा काम. खाली एक ओळ होती, की दुसऱ्या दिवशी त्याने न सांगता पहाटे येऊन काम पूर्ण केलं. परंतु तोवर रेजिमेंट नदी ओलांडून पुढे गेली होती आणि तो रणगाडा मागेच राहिला.

पूल त्या पानावर होता. फक्त काकांचे वडील त्याच्यावर नव्हते. ते चिखलात, ताडपत्रीखाली, पान्यांना हळदकुंकू वाहून हात जोडून बसले होते, आणि समोर इंग्रजांचं साम्राज्य खोळंबलं होतं.

"हे बाबाच," काका अगदी हळू म्हणाले. "घरीही असंच. खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात नाही. नळ गळत असायचा, आई ओरडायची. हे शांत बसून राहायचे."

त्यांनी पान परत आपल्याकडे ओढलं. 

"तू याचं जर्मन भाषांतर करून दे. मीराला द्यायचंय. पण 'नकार दिला' असं नको. 'धार्मिक कारणाने अनुपस्थित' असं कर. आणि फिटर नको घालूस. 'रणगाडा पथकात' एवढंच पुरे."

ज्या माणसाने माझ्या सायकलच्या दिव्याचा प्रमाणपत्र क्रमांक विचारला होता, तो मला कागदात फेरफार करायला सांगत होता. मला फार आनंद व्हायला हवा होता. सहा वर्षांचे हिशेब चुकते करायची अशी संधी पुन्हा येत नाही. पण ते तिसऱ्यांदा चष्मा पुसत होते.

"काका, कागद असं म्हणत नाही," मी म्हटलं.

"मला वाचता येतं."

"पुलाची गोष्ट तुम्हाला वडिलांनी कधी सांगितली होती?"

त्यांनी उठून आधीच उकळलेली किटली पुन्हा लावली.

"बाबांनी काहीच सांगितलं नाही," ते म्हणाले. "युद्धावरून आले, लोको शेडमध्ये परत कामाला लागले. इटलीबद्दल एकच बोलायचे, तिथं चिखल फार. मी कॉलेजात असताना गेले. गोष्ट माझी आहे."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात नवे होते तेव्हा कँटीनमध्ये ते एकटेच बसायचे. शेजारच्या मोठ्या टेबलावर सगळी पन्नाशीची माणसं, त्यांचा मायस्टर, म्हणजे फोरमन, मधोमध. सगळे युद्धातून आलेले. एकदा मायस्टर मोठ्याने सांगत होता की इटलीत आम्ही पूल उडवत मागे आलो. काकांच्या तोंडून निघून गेलं, "त्यातल्या एकावरून माझे वडील आले. रणगाडा घेऊन." टेबलावरचे सगळे वळून बघायला लागले. मग मायस्टर गडगडून हसला, खुर्ची सरकवली आणि म्हणाला, "मग तू इथे बस."

"निवृत्त होईपर्यंत मी त्याच टेबलावर जेवलो," काका म्हणाले. "एकदाच सांगायची होती गं. पण ती चालायला लागली."

"मीराला सांगून टाका. समजून घेईल."

"ती माझी नात आहे," ते म्हणाले. "समजून नाही घ्यायची. तपासेल. तिला भुसावळ माहीत नाही, माझी आई माहीत नाही, तिची आजी गेली तेव्हा ती लहान होती. हे सगळं तिला फक्त मी सांगितलंय. एक पार्ट खोटा निघाला की अख्खा लॉट भंगारात जातो. मी स्वतः लॉटच्या लॉट भंगारात पाठवलेत. ती माझं काहीएक खरं धरणार नाही."

म्हाताऱ्या माणसाला असं घाबरलेलं बघणं बरं नसतं. मी भाषांतर केलं, जसंच्या तसं. त्यांनी तपासलं, एक स्वल्पविराम वाढवला आणि पाकिटात घातलं. आठवडाभरात त्यांनी मीराला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा हवापाण्याबद्दल बोलून ठेवून दिला.

शुक्रवारी मी त्यांना माझ्या गाडीतून शाळेत घेऊन गेले. निघण्याआधी त्यांनी टायरमधली हवा तपासली, नंतर शाळेपर्यंत पाकिटातला कागद.

हॉलच्या तीन भिंती तक्त्यांनी भरल्या होत्या. आम्ही एका टोकापासून वाचत निघालो. एकाचे पणजोबा सैन्यात आचारी. दुसऱ्याचे टपाल वाटायचे. एकीचे बँडमध्ये तुतारी वाजवत होते. एकाचे घोड्यांचे डॉक्टर, एकाचे चष्म्याचा नंबर मोठा म्हणून ऑफिसात. त्या भिंतींवर विश्वास ठेवायचा तर अख्खी जर्मन फौज आचारी, पोस्टमन आणि वाजंत्री यांचीच होती. बंदुकीला कुणी हातच लावला नव्हता. गोळ्या आपोआप सुटत असाव्यात. तक्ते पुराव्यांनी भरलेले असायला हवे होते, पण बहुतेकांवर खाली लिहिलं होतं, 'घरातील आठवणींनुसार'.

आणि टोकाला मीराचा तक्ता. कोळशाने काढलेला मोडका पूल, त्यावर आग ओकणारा रणगाडा, त्यातून डोकं बाहेर काढलेला मिशीवाला माणूस. फार सुंदर काढलं होतं तिने. खाली एक चौकोन रिकामा ठेवला होता: 'पुरावा येत आहे'. सबंध हॉलमध्ये गोळी झाडणारा माणूस हा एकच.

काका त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग बाईंकडे गेले आणि दोन मिनिटं मागितली. नंतर आयुष्यभर ज्या भाषेत तपासणीचे अहवाल दिले त्याच करकरीत जर्मनमध्ये त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"या चित्रात दोष आहे. दोष चित्र काढणारीचा नाही, माल पुरवणाऱ्याचा आहे. पुरवणारा मी. माझे वडील पुलावर नव्हते. ते फिटर होते. त्यांनी कुणालाही मारलं नाही. ते मागे राहून दुरुस्ती करत होते, आणि त्या दिवशी तीही करत नव्हते. पुलाची गोष्ट मी रचली."

 आईबापांच्या चेहऱ्यावर एक समजूतदार भाव आला. बाईंनी मायेने काकांच्या कोपराला हात लावला आणि म्हणाल्या, "बऱ्याच कुटुंबांत असंच सांगतात. की आजोबा फक्त दुरुस्ती करत होते. ते बोलणं किती अवघड असतं, आम्ही समजू शकतो."

काकांना आधी कळेना. मग कळलं, तसे ते लालबुंद झाले. पन्नास वर्षं खोटं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली. आज खरं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नव्हता.

"पण माझ्याकडे कागद आहे!" ते ओरडले आणि पाकीट डोक्यावर धरून हलवायला लागले.

मला हसू आवरेना. मी बाहेर जाऊन हसले. त्याची मला नंतर लाज वाटली, फार नाही.

मीरा हसली नाही. पार्किंगमध्ये ती गाडीला टेकून उभी होती, पूल गुंडाळून काखेत धरलेला. "तीन आठवडे लागले मला या चित्राला," ती म्हणाली. काकांनी माफी मागितली, मराठीत, मग जर्मनमध्ये. तिने दोन्ही ऐकून घेतल्या.

"ही गोष्ट किती लोकांना दिलीय?"

"पुष्कळ."

"मग रुकरूफ करा."

मोटारींच्या गावात हा शब्द लहान मुलालाही कळतो. कारखान्यातून सदोष भाग बाहेर गेला की तो ज्याच्या-ज्याच्या गाडीत बसलाय त्या प्रत्येकाला पत्र पाठवून परत मागवायचा. "तुम्हीच शिकवलंय," ती म्हणाली. "फाटकात उभं राहून सॉरी म्हटल्याने दोष जात नाही. शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत जायचं. यादी पूर्ण झाली की मी तपासणार. तोपर्यंत मला कुठलीही गोष्ट सांगायची नाही."

काकांनी मान खाली घातली. पण परत येताना, गाडीत, बऱ्याच वेळाने म्हणाले, "पद्धत बरोबर आहे तिची."

त्यानंतरचे चार महिने काका कामावर रुजू झाल्यासारखे होते. यादीला रकाने पाडले: नाव, गोष्ट कधी दिली, कमानी किती होत्या, कळवलं, पोच मिळाली. पत्राचा मसुदा असा: 'आपणास माझ्याकडून मिळालेल्या गोष्टीत गंभीर दोष आढळला आहे. कृपया ती वापरणे तात्काळ थांबवावे.' मीरा रविवारी यायची, यादी बघायची, चहा प्यायची आणि जायची. ते एखादं "अगं, आमच्या भुसावळला" सुरू करायचे आणि तिच्याकडे बघून थांबायचे.

मंडळाच्या अध्यक्षांनी स्मरणिकेत शुद्धिपत्र छापायला साफ नकार दिला. "काका, एवढी छान गोष्ट आहे, कशाला बिघडवता? आणि शुद्धिपत्र छापायचंच म्हटलं तर माझ्या मनोगतापासून सुरुवात करावी लागेल." डार्मश्टाटच्या एका गृहस्थांनी कळवलं की तुम्ही असं काही सांगितल्याचं मला आठवतच नाही. याचा काकांना सगळ्यात जास्त राग आला. म्युनिकच्या एकाने बऱ्याच आढ्यावेढ्यानंतर कबूल केलं, की त्याने हीच गोष्ट सासुरवाडीत स्वतःच्या चुलत आजोबांची म्हणून सांगितली आहे. "म्हणजे सब-सप्लायर!" काका कपाळाला हात लावून म्हणाले आणि त्याला वेगळं पत्र पाठवलं.

मायस्टर केव्हाच वारला होता. त्याच्या थडग्यापाशी उभं राहून काकांनी पत्र मोठ्याने वाचलं. छत्री मी धरली होती. पोच मिळाल्याच्या रकान्यात काय लिहायचं यावर त्यांनी दोन दिवस विचार केला.

होता होता यादीत दोन नावं उरली. भुसावळची थोरली बहीण, जिच्या मुलांना काकांनी ही गोष्ट सुट्ट्यांमध्ये सांगितली होती, आणि काकू.

"आजीला कधी सांगितली होती?" मीराने विचारलं.

"पहिल्या भेटीत. बघायला गेलो होतो तेव्हा. तिला घाबरायला होत होतं, इतक्या लांब जायचं म्हणून. मी पूल सांगितला. ती हो म्हणाली." ते यादीकडे बघत होते. "तिला आता कुठून परत मागवू?"

मीराने बहिणीच्या नावावर बोट ठेवलं. काकांनी आधी बहिणीला फोन लावला, स्पीकरवर. आक्कांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्या स्वतःच मोठ्याने बोलायच्या. काकांनी मसुदा वाचून दाखवला. तिकडून हसण्याचा आवाज आला, तो थांबेचना.

"अरे, बाबा फिटर होते हे अख्ख्या आळीला माहीत होतं! दसऱ्याला हट्ट केला आणि फीत घालवून बसले. आई चिडवायची त्यांना, तू तेव्हा लहान होतास. इतके महिने कागद शोधत बसलास? मला विचारायचंस!"

"तुझ्याकडे कागद कुठं होता," काका पडेल आवाजात म्हणाले. मग म्हणाले, "आक्का, मी हिलाही तेच सांगितलं होतं. लग्नाआधी. हीच एक राहिली."

"तिलाही ठाऊक होतं."

"काय?"

"लग्नानंतर व्हिसा येईस्तोवर आमच्यात नव्हती का राहिली ती? दोन महिने. तेव्हाच आईनं सांगितलं. तिनंच विचारलं, मामंजींचा रणगाड्याचा फोटो कुठाय म्हणून. आईनं सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, चांगला कान धर त्याचा. तर ही म्हणाली, 'नको सासूबाई. मला कळलंय हे यांना सांगू नका. सांगताना फार छान दिसतात.'"

आक्का पुढे बरंच काही बोलल्या, गुडघ्यांबद्दल, पाण्याच्या वेळेबद्दल. काका हं, हं करत राहिले. फोन कधी संपला ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

"प्रत्येक वेळी शेजारी बसायची," ते म्हणाले. "मंडळात, कुणाच्या घरी, कुठंही. मी साहेबाचं सांगायला विसरलो की हळूच म्हणायची, 'अहो, त्या साहेबाचं राहिलं.'" त्यांनी यादी समोर ओढली. काकूंच्या नावापुढचे रकाने रिकामे होते. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"म्हणजे तपासणी झाली होती," ते म्हणाले. "पहिल्या दोन महिन्यांतच. दोष सापडला होता. आणि तिनं माल पास केला."

मग ते रडले. तोंड न लपवता, आवाज करून, एवढा मोठा माणूस रडताना जसा रडतो तसे. मलाही आवरलं नाही आणि मी आवरायचा प्रयत्नही केला नाही.

मीरा टेबलाच्या पलीकडे बसली होती. तिने त्यांच्या हातातून पेन घेतलं, काकूंच्या नावापुढे एक बारीकशी खूण केली आणि यादी मिटली. उठली, आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, टेबलाला वळसा घालून आली आणि त्यांच्या खुर्चीला अगदी लागून ठेवली.

"आता सांगा," ती म्हणाली. "आजीचं."